पडद्यामागच्या दोन पायऱ्या

लोकांची घरं मोजायचं काम मी अकरा महिने केलं. सांगली-मिरजेत मिळून तीनशे बारा घरं. माझ्याइतक्या स्वयंपाकघरांत या दोन गावांतली दुसरी कुठली बाई गेली नसेल, आणि माझ्याइतका चहाही कुणी प्यायला नसेल. हे सगळं एका भुताच्या सिनेमासाठी.

पूर्वी तसले भयपट पुष्कळ निघायचे. कुणीतरी व्हिडिओ गेम खेळत बसतं, गेममधलं काहीतरी स्क्रीनबाहेर येतं आणि घरातल्या माणसांना एकेक करून संपवतं. कॉलेजात असताना आम्ही मैत्रिणी ते बघायला जायचो आणि भुताला नावं ठेवत परत यायचो. 'काजवा' नावाच्या कंपनीनं तीच जुनी गोष्ट उचलली आणि ती खरोखर करून दाखवायचं ठरवलं. त्यांच्या सिनेमाचं नाव 'आतली खोली'. तिकीट काढलं की आधी घरी एक हलका चष्मा आणि जाड तळाच्या चपला येत. एकवीस दिवस, रोज वीस मिनिटं, आपल्याच घरात गेम खेळायचा आणि बाविसाव्या दिवशी थिएटरात जायचं. जाहिरातीत लिहिलं होतं, 'मध्यंतर थिएटरात, शेवट तुमच्या घरी.' लोक तुटून पडले.

गेम साधा होता. चष्म्यातून आपलं घर आपल्याला जसंच्या तसं दिसायचं, फक्त त्याला एक खोली जास्त असायची. दोन पायऱ्या चढून आत जायचं. आत अंधार, ओल्या भिंतीचा वास आल्यासारखं वाटायचं, आणि कोपऱ्यात आठ-नऊ वर्षांची एक मुलगी पाठमोरी उभी. ती बोटानं भिंतीवर वाजवायची, टक टक, थोडं थांबून पुन्हा टक. मग म्हणायची, "पाणी." रोज ती आपल्याकडं थोडी जास्त वळायची. तिचा पूर्ण चेहरा दिसायचा तो थिएटरातच.

हे जमायचं कसं, ते मला कंपनीच्या तन्वीर बागवाननं समजावलं. तन्वीर मूळचा मिरजेचा, सतारी बनवणाऱ्यांच्या घरातला, आणि मला ताई म्हणणारा कंपनीतला एकटाच इंजिनियर.

"लाईट गेल्यावर तुम्ही अंधारात बरोबर काड्यापेटीपर्यंत जाता ना ताई?" तो म्हणाला. "डोळे उपयोगाचे नसतात. मग कोण नेतं?"

"सवय."

"सवय म्हणजे मेंदूतला नकाशा. मेंदूत हिप्पोकॅम्पस म्हणून एक भाग आहे, त्यात काही पेशी जागा ओळखणाऱ्या असतात. तुम्ही ओट्यापाशी आलात की एक पेशी जागी होते, दाराशी आलात की दुसरी. अशा हजारो पेशींचं मिळून तुमचं घर तयार होतं, डोक्यातलं. बसून टीव्ही बघितला तर हा नकाशा बदलत नाही. पण स्वतःच्या पायांनी चाललात की बदलतो. आपला गेम चालायला लावतो."

"पण जास्तीची खोली तर नसतेच. माणूस चालतो कुठं?"

"हॉलमध्येच. चष्मा दृश्य इतकं हळू वळवतो की तुम्ही गोल फिरत असता आणि वाटतं सरळ चाललोय. चपलांच्या तळात हवा भरते, म्हणून पायऱ्या चढल्यासारखं होतं. एकवीस दिवसांत डोक्यातल्या घराला एक खोली चिकटते. चष्मा काढला तरी ती राहते. थिएटरातनं घरी आलात की भिंतीपलीकडं कुणीतरी आहे हे तुम्हाला आतनं माहीत असतं."

"आणि ती जाते कधी?"

"आठ-दहा दिवसांत. भिंतीला हात लागतो, खांदा घासतो. प्रत्येक वेळी मेंदूला कळतं की इथं भिंत आहे, खोली नाही. तो पुसून टाकतो. म्हणून खोली नेहमी भरीव भिंतीमागं बसवायची. ते बघायचं काम तुमचं."

ते बघायचं काम माझं होतं, हे मी मुद्दाम पुन्हा लिहिते.

नियम असा होता की घरातला प्रत्येक पडदा उचलून मागं काय आहे ते नोंदवायचं. आता मला सांगा, सांगलीत कुणाच्या घरी पहिल्यांदा गेल्यावर आपण पडदे उचलतो का? घर मोजायला माणूस येणार म्हटल्यावर आदल्या दिवसापासून आवराआवर चालायची. पसारा जायचा कुठं? जिथं नेहमी जातो तिथं. मोडका कूलर, मागच्या गणपतीचं मखर, लग्नात आलेले आणि कधीच न उघडलेले डिनर सेट, सगळं मागच्या बाल्कनीत नाहीतर एखाद्या कोनाड्यात कोंबायचं आणि पडदा ओढायचा. मी त्या दिशेनं वळले की घरची बाई मध्ये यायची. "तिकडं काही नाही ओ ताई, भिंतच आहे. चहा घ्या की."

मी चहा घ्यायची आणि फॉर्मवर लिहायची, 'भिंत'.

मला त्यात काही वावगं वाटलं नाही. कुणाची लाज राखणं हे मला कंपनीच्या नियमापेक्षा मोठं वाटायचं, आणि आपलं काम लवकर आटपतं हेही होतंच. मशीनला काय, ते माझ्यावर विश्वास ठेवून पडद्यामागं खोली बसवायचं. मग मी चष्मा घालून दहा मिनिटं तपासणी करायची. घरं वेगळी, पण खोली सगळीकडं तीच. पन्नासेक घरं झाल्यावर गंमत वाटायला लागली की कुणाच्याही घरात शिरले तरी मी त्याच एका खोलीत जाऊन पोचते.

आमच्या घराचंही तसंच. कर्मचाऱ्यांना गेम फुकट होता म्हणून मी आमचाही फ्लॅट मोजला. चौथा मजला, मागं कपडे वाळत घालायची चिंचोळी बाल्कनी. तन्वीर नोंदी तपासायला घरी येणार म्हणून मी आदल्या दिवशी सगळं तिथं कोंबलं. उरलेल्या फरशांचं खोकं खाली, त्याच्यामागं कठड्याला टेकून सासऱ्यांची लोखंडी ट्रंक. पडदा ओढला आणि लिहिलं, 'भिंत'. दुसऱ्यांची लाज राखणारी बाई स्वतःची तर राखणारच.

घरात सासूबाई आणि मी, दोघीच. माझा नवरा सुकुमार कोल्ड स्टोरेजची यंत्रं दुरुस्त करत महिन्यातले वीस दिवस फिरतीवर. मी सकाळी निघायची ती दिवे लागल्यावर यायची. सासूबाईंना आमच्याकडं आत्ती म्हणतात. आत्ती एकाहत्तर वर्षांच्या, नेमानं मंदिरात जाणाऱ्या, सूर्य बुडायच्या आत जेवणाऱ्या. हा आमच्यातला जैनांचा नेम त्यांनी लहानपणापासून एकदाही मोडला नव्हता. मी त्या वेळी कुठंतरी दुसऱ्याच्या हॉलमध्ये टेप धरून उभी असायची.

गेम मी आणला होता माझ्यासाठी, खेळल्या त्या. एकवीस दिवस. सिनेमालाही आल्या. शेवटी मुलगी वळली तेव्हा थिएटरभर किंकाळ्या उठल्या, आणि माझ्या शेजारून आवाज आला, "केवढीशी हाय गं. कुणी जेवायला घालत न्हाई वाटतं."

मी महिनाभर हे सगळ्यांना हसून सांगत होते.

सिनेमा लागून दोन महिने झाल्यावर दुपारी एक फोन आला. कुंभोजकर सर म्हणून निवृत्त चित्रकला शिक्षक होते, मी त्यांचं घर मोजलं होतं. फोनवर त्यांच्या बायको होत्या.

"वैजयंतीताई, त्या पडद्यात तुम्ही काय करून ठेवलंय ते आधी येऊन बघा."

मी गेले. सरांचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. पडद्यामागं त्यांच्याकडं कोनाडा होता, त्यात जुनं जातं आणि रिकामा सिलिंडर. सर चालता चालता सरळ पडद्यात शिरले होते आणि जात्यावर आपटले होते.

"मला माहीत आहे हो तिथं काय आहे," सर ओशाळून म्हणाले. "चाळीस वर्षांचं घर माझं. पण चहाचा कप घेऊन निघालो आणि पाय आपले चढायलाच लागले. पायरी नाही हे पडल्यावर कळलं."

"आणि ते टक टक अजून ऐकू येतं म्हणतात," बाई म्हणाल्या. "मी म्हणते डॉक्टरला दाखवा, तर म्हणतात ती बिचारी आहे तिथं."

मी पडद्याकडं बघितलं. तो वाऱ्यानं जरासा हलला. मागं खोली आहे हे मलाही माहीत होतं, जसं आपल्याला आपल्या घरातलं माहीत असतं तसं.

जिन्यातूनच तन्वीरला फोन लावला. त्यानं नीट ऐकून घेतलं.

"ताई, पडद्यामागं खोली बसवली तुम्ही?"

"हो."

"पडद्याला हात लागून मेंदूला काही कळतं का? भिंत 'नाही' म्हणते. पडदा काहीच म्हणत नाही. उलट हलतो, मागनं हवा येते, आवाज येतात. त्यात तिथं पसारा असला की कुणी जातही नाही. कधीच दुरुस्ती होणार नाही. ती खोली जाणार नाही ताई, पक्की होत जाणार." मग तो म्हणाला, "अशी किती घरं आहेत?"

मला एकच घर दिसत होतं. खाली फरशांचं खोकं, त्याच्यामागं ट्रंक. दोन पायऱ्या. ट्रंकेवर उभं राहिलं की कठडा जेमतेम गुडघ्याला लागला असता, आणि कठड्यापलीकडं चार मजले.

आत्तींना फोन लावला. वाजत राहिला. रिक्षात मी पहिल्या तीर्थंकरांपासून महावीरांपर्यंत सगळ्यांना हाका मारल्या. साडेपाच वाजून गेले होते. उन्हं कलली होती, म्हणजे त्यांची जेवायची वेळ.

दार उघडलं तर पाटासमोर ताट होतं, अर्धी भाकरी खाल्लेली. आणि पडदा बाजूला झालेला. आत्ती ट्रंकेवर उभ्या होत्या, पाठमोऱ्या, हातात पाण्याचं फुलपात्र. पदर खोचलेला. पुढं पाऊल टाकायला एक पाय उचललेला.

ओरडायचं सुचलंच नाही. मी धावले आणि कमरेला दोन्ही हातांनी मिठी मारून मागं ओढलं. दोघी फरशांच्या खोक्यावरून हॉलमध्ये येऊन पडलो. फुलपात्र खाली गेलं. ते पडल्याचा आवाज यायला फार वेळ लागला.

"काय केलंस गं हे!" आत्ती माझ्यावर खेकसल्या. "हात पुढं केला होता तिनं! पाणी घ्याला लागली होती पोरगी!"

"आत्ती, ती बाल्कनी हाय."

"हाय की. मला काय म्हाईत न्हाई? माझीच बाल्कनी हाय."

"मग कुठं निघाला होता?"

त्यांनी वळून कठड्याकडं बघितलं. तोंडाला माहीत होतं, पावलांना नव्हतं. मी त्यांना उठवलं, ट्रंक आणि खोकं आत ओढलं, त्यांचा हात धरून बाहेर नेलं आणि कठड्याच्या गार लोखंडावर ठेवला. त्यांनी खाली बघितलं. कठड्यावरून बोटं फिरवत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेल्या. तीन पावलांत बाल्कनी संपली. मग त्या रडायला लागल्या.

मला वाटलं भीतीनं. तसं नव्हतं.

"रोज यायची गं ती," त्या म्हणाल्या. "तू लोकांच्या घरात. सुकुमार फिरतीवर. मी जेवायला बसली की टक टक करायची. मी तिला पद्मी म्हणायची. म्हटलं, ह्या घरात त्या वेळेला एक तरी हाय माझ्याजवळ."

दोन-अडीच महिने माझी सासू भुताच्या सोबतीनं जेवत होती आणि मी त्याचे विनोद करत होते. मी तिथंच खाली बसून त्यांचे पाय धरले. त्यांनी पाय सोडवून घेतले आणि मांडलेलं ताट उचललं. तोवर सूर्य बुडाला होता, उरलेली भाकरी त्यांनी खाल्ली नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघींनी पडदा काढला. त्यानंतर दहा दिवस मी त्यांना रोज सकाळ-संध्याकाळ बाल्कनीत नेऊन कठडा चाचपायला लावला. अकराव्या दिवशी त्या म्हणाल्या, "आता काय ऐकू येत न्हाई," आणि दिवसभर कुणाशी बोलल्या नाहीत.

कंपनीला मी सगळं लेखी कळवलं, माझ्या सहीनिशी. फॉर्मवर भिंत लिहिलं होतं मी, मशीननं नव्हे. त्यांनी दोन दिवसांत मला काढलं, यादी काढून घेतली आणि ग्राहकांना पत्र पाठवलं की अस्वस्थ वाटल्यास घरातल्या भिंतींना हात लावावा. पडद्याचा उल्लेख नव्हता. तो घातला असता तर सिनेमा उतरवावा लागला असता, आणि सिनेमा अजून भरलेला चालला होता.

यादीची मला गरज नव्हती. पडदे असलेली एकसष्ट घरं होती आणि ती माझ्या पायांना पाठ होती. मी घरोघर जायला लागले. बेल वाजवायची आणि दारातच सांगायचं, "मी चुकले होते. मला तुमचा पडदा उचलू द्या."

लोकांना काही आवडलं नाही. "अहो पसारा आहे, पुढच्या आठवड्यात या." मी हलायची नाही. एका ठिकाणी पडद्यामागं नवऱ्यानं लपवलेल्या बाटल्या निघाल्या आणि मला दोघांनीही घराबाहेर काढलं. एकीकडं कोनाड्यात जुन्या वह्या होत्या, घरातला तरुण मुलगा त्यांवर हात ठेवून दहा मिनिटं उभा राहिला. "इथं काहीच नाही?" तो विचारत होता, आणि त्याला हायसं वाटलं की वाईट, ते मला कळलं नाही. पण पुढं कुणी पडलं नाही. सरांनंतर एकसष्टमधल्या कुणालाही काही झालं नाही, हे मला लिहायला मिळतंय यातच सगळं आलं.

शेवटचं घर मिरजेत होतं. पडदा उचलला, मागं धान्याच्या पत्र्याच्या कोठ्या. मी स्वतः एकेक कोठी चाचपली. त्या क्षणी माझ्या कानाशी टक टक झालं.

आतापर्यंत लोकांना तो आवाज पडद्यामागून यायचा. मला आला तो कुठल्याच दिशेनं येत नव्हता. डावीकडून नाही, उजवीकडून नाही. तन्वीरला भेटले. त्यानंही नोकरी सोडली होती.

"ताई, लोकांची खोली त्यांच्या त्यांच्या घराला चिकटली होती. तुम्ही तीच खोली तीनशे बारा घरांत चाललात. तुमच्या मेंदूनं ती एकच धरली, सगळ्या घरांच्या मागं असलेली. आता तुम्ही तिची सगळी दारं बंद केलीत. खोली तशीच आहे."

"मग पुसायची कशी?"

"भिंतीला हात लावून." तो माझ्याकडं न बघता म्हणाला. "पण ती कुठल्याच घरात नाही. मी भिंत कुठली आणू?"

त्या दिवशी मी उजेड असतानाच घरी गेले. आत्ती भाकरी थापत होत्या.

"सगळी घरं झाली आत्ती. आता तिला कुठनंच दार न्हाई."

थापणं थांबलं. "मग ती हाय कुठं?"

खोटं बोलता आलं असतं. "माझ्यात," मी म्हटलं. "दिवस बुडायला आला की ऐकू येती. जाणार न्हाई म्हणतात."

"भ्या वाटतं?"

"लई वाटतं," मी म्हटलं, आणि लहान मुलीसारखी रडले.

आत्तींनी हात धुतले, पदराला पुसले, माझ्या डोक्यावर ठेवले. मग तव्यावरची भाकरी उलटत म्हणाल्या, "मग तू रोज ह्या वेळेला घरी येत जा. ती काय, तुझ्यासंगट आपोआप येईल."

तेव्हापासून मी येते. शाळेत क्लार्कची नोकरी धरली आहे, पाचला सुटते. आम्ही दोघी सतरंजीवर ताटं मांडून बसतो. मागच्या बाल्कनीतून उन्हं थेट आत येतात. सूर्य उतरू लागला की माझा घास हातातच थांबतो. भीती कमी झालेली नाही, उगाच कशाला खोटं लिहू. ती मुलगी आता माझ्याकडं तोंड करून उभी असते.

आत्तींना काही ऐकू येत नाही, पण त्या माझ्या चेहऱ्याकडं बघत असतात.

"आली?" त्या विचारतात.

मी मान हलवते. मग त्या आपलं ताट उचलून थोड्या सरकतात, माझ्या शेजारी एका माणसापुरती जागा करतात.

"बस म्हणावं तिला."

आणि मी, वैजयंती सुकुमार मगदूम, भरल्या उजेडात, मोठ्यानं तिला बस म्हणते.